ब्रेकची किंचाळी जाता जाईना, मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे 1991 ची दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, चारही चाकांना डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन बाजूंनी पॅड दाबतात). ताशी 20 किलोमीटरच्या खाली हलकेच ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून अशी किंचाळी निघते की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. जोरात दाबला की आवाज गप्प. रिव्हर्समध्ये तर येतच नाही.

पॅड नवे टाकले, कडा घासून तिरप्या केल्या, मागच्या पत्र्याला सिरॅमिक ग्रीस लावलं. चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच रडगाणं.

काल चाक काढून नीट बघितलं. बाहेरच्या पॅडचं अस्तर 9 मिमी, आतल्याचं 7. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले! कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) वरची स्लाइड पिन (जिच्यावर ती पकड सरकते) बोटांनी सरकते, खालची मात्र पान्याने फिरवून सोडवावी लागली. तिचा रबरी बूट (धूळपाणी अडवणारं आवरण) फाटलेला, आत ग्रीसऐवजी तपकिरी चिखल. डिस्कचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) डायल गेजवर 0.04 मिमी आला, म्हणजे डिस्क वाकडी नाही.

पिन घासूनपुसून सिलिकॉन ग्रीस भरलं तर भागेल, की पिन आणि बूट नवेच घ्यावेत? आतला पॅड जास्त झिजलाय, म्हणजे पॅड ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टनही अडकत असेल का? दाबल्यावर मागे गेला, पण कुरकुरत. एका मेकॅनिकने चारही डिस्क बदलायला सांगितल्या, मला ते अंदाजपंचे वाटतं.

आणि हो, पॅडमागच्या शिम (आवाज दाबणारे पातळ पत्रे) मीच पूर्वी काढून फेकल्या होत्या. शिव्या नंतर घाला, आधी उपाय सांगा.