डिकियाची पानं आत वळतायत, पाणी कमी पडतंय की जास्त?

काटेसम्राट: मंडळी जरा मदत करा. निवडुंग आणि तशीच काटेरी दिसणारी युफोर्बिया मी बरीच वर्षं सांभाळतोय, त्यातलं मला बऱ्यापैकी कळतं असं वाटायचं, पण गेल्या वर्षी डिकियाचं खूळ डोक्यात शिरलं आणि डिकिया मार्निए-लापोस्तोल घेतली, तीच ती, चुना लावल्यासारखी पांढरी पानं आणि कडेला करवतीसारखे वाकडे दात. पहिले काही महिने झकास होती. आता बाहेरची पानं टोकाकडून वाळत चाललीयत आणि मधली पानं पन्हळीसारखी आत दुमडतायत. माती निवडुंगाचीच, म्हणजे जवळपास सगळी खडी, ऊन कडक, पाणी दोन-तीन आठवड्यांनी एकदा. कुजण्याच्या भीतीने आणखी कमी करावं का?

खडीमाती: कमी?? अहो तहानेने मरतंय ते. काटे दिसले की आपण निवडुंगाच्या रांगेत बसवतो, सगळे हीच चूक करतात, मी पण केलीय. डिकिया ब्रोमेलियाड आहे, अननसाच्या कुळातली. त्याच कुळातल्या गुझमानियाच्या मधल्या पेल्यात पाणी साठतं, हिला तसा पेला नाही, म्हणजे सगळी भिस्त मुळांवर. आणि निवडुंगाचं मूळ महिनाभर कोरडं राहिलं तरी फारसं बिघडत नाही, हिची बारीक मुळं मात्र मरतात, मग वरून कितीही पाणी ओता, प्यायला खाली कोणी नाही. पान आत वळणं हीच पहिली खूण. कुंडीतून उपटून मुळं बघा, मगच काय ते ठरवा.

बागेतली_मावशी: उपटताना सांभाळून रे बाबा. निवडुंगाचा काटा टोचतो आणि विषय संपतो, हिचे दात आकड्यासारखे वळलेले असतात, हात आत जाताना काही वाटत नाही, बाहेर ओढलास की सालटं निघतात. मी वर्तमानपत्राची जाड पट्टी करून झाडाभोवती गुंडाळते आणि त्या पट्टीला धरून उचलते. आणि पानांवर बोटं फिरवू नकोस, तो पांढरेपणा म्हणजे बारीक खवले असतात, एकदा पुसले गेले की त्या पानावर परत येत नाहीत, माझ्या एका झाडावर दोन वर्षं माझाच अंगठा उमटलेला होता.

हेक्टियावेडा: खडीमातींशी सहमत, पण सरसकट सगळ्यांना भरपूर पाणी असं कोणी वाचू नका. हेक्टिया, म्हणजे याच कुळातली डिकियासारखीच काटेरी झाडं, मेक्सिकोकडची, ती थोडं कोरडं चालवून घेते. डिकिया मुख्यतः ब्राझीलच्या खडकांवरची, तिथे पाऊस पडतो तेव्हा दणकून पडतो. थंडीत मात्र हात आखडता घ्या, गार आणि ओलं एकत्र आलं की गड्डा कुजतो. जाता जाता, डिकिया हे नाव साल्म-डिक नावाच्या जर्मन सरदाराच्या नावावरून आलंय आणि तो स्वतःच निवडुंग वगैरे जमवणारा होता, म्हणजे हे वेड जुनंच!

नवाकोंब: मधेच विचारतो, बी लावून डिकिया येते का? आणि याच कुळातल्या पुया रायमोंडीचं बी मिळालं तर लावू का?

हेक्टियावेडा: येते की. बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. पण जवळपास दोन जाती एकदम फुलल्या की संकर ठरलेला, म्हणून पाकिटावरच्या नावावर फार जाऊ नका, नेमकी जात हवी तर मूळ झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लूच घ्या. हेक्टियाचं तर नर-मादी झाड वेगळं, एकट्या झाडाला बी धरणार नाही. पुया रायमोंडी जरूर लावा, पण ती अँडीजच्या 3000 मीटरच्या वरची, फुलायला साधारण 80 ते 100 वर्षं घेते आणि एकदा फुलली की मरते, तेव्हा आधी नातवंडांशी बोलून घ्या.

खडीमाती: आणि दुर्मिळच्या नादात डोंगरातून उपटलेली झाडं घेऊ नका रे. 2020 मध्ये इटलीत हजाराच्या आसपास निवडुंग पकडले, बरेचसे चिलीच्या अटाकामातून चोरलेले कोपियापोआ, त्यातले शेकडो 2021 मध्ये परत पाठवावे लागले. झाड खरवडलेलं, वेडंवाकडं, खालून लाकडासारखं झालेलं आणि मुळं छाटलेली असतील तर विकणाऱ्याला सरळ विचारा, हे बियांपासून केलंय का.

काटेसम्राट: उपटली!! मुळं कुरकुरीत, चिमटीत धरली की भुगा, गड्डा मात्र टणक निघाला. मेलेली मुळं कापली, रात्रभर बुडाचा भाग पाण्यात ठेवला, सकाळी मधली पानं चक्क उघडायला लागलेली. खडी निम्मी करून उरलेलं कोकोपीट आणि थोडं गांडूळखत घातलंय. मावशी, तुमची पट्टी कामाला आली, तरी मनगटावर तीन ओरखडे आहेतच.

काटेसम्राट: तीन आठवड्यांनी परत येतोय. मधलं पान हलकेच ओढून बघितलं, हलत नाही, आणि कुंडीच्या भोकातून एक पांढरं मूळ डोकावतंय. खाली ताटलीत बोटभर पाणी ठेवतोय, ते चालू ठेवू का?

बागेतली_मावशी: ऊन कडक आहे तोवर ठेव, हवा गार झाली की ताटली काढ. आणि आता रोज ओढून बघू नकोस.