कुस्तीची जागा, तीन अक्षरी

मालतीकाकू (बी-३०४): नमस्कार मंडळी. गणपतीत मंडपाच्या फळ्यावर रोज एक शब्दकोडं लावायचं ठरलंय, त्यासाठी आलेली शोधसूत्रं सगळी वाचली. मनापासून लिहिलीत तुम्ही. एका सूत्रावर मात्र इथंच बोलू या, कारण तीच अडचण आणखी बऱ्याच ठिकाणी आहे. सूत्र आहे, 'कुस्तीची जागा (३)'. सांगा बघू उत्तर.

संभाजीदादा (ए-१०१): आखाडा. त्यात काय अवघड हाय काकू?

वैशाली (ए-२०२): सूत्र माझंच आहे. तालीम.

अनिकेत (बी-४०१): मी मैदान लिहिलं असतं. आपल्या कोल्हापूरचं खासबाग मैदान.

मालतीकाकू: तिन्ही उत्तरं बरोबर आणि तिन्ही तीन अक्षरी. म्हणजे तुम्ही दोघं बरोबर असूनही चुकणार. हा सोडवणाऱ्यावर अन्याय आहे.

वैशाली: पण काकू, उभे शब्द येऊन मिळाले की कळतंच ना?

मालतीकाकू: कळतं. पण उभ्या-आडव्याचा आधार खात्री करून घ्यायला असतो. सगळा भार त्याच्यावर टाकला तर सूत्र लिहायचंच कशाला? सूत्रानं स्वतः एकाच उत्तराकडे बोट दाखवायला हवं.

वैशाली: मग 'लाल मातीची जागा' करू?

संभाजीदादा: लाल माती तिन्हीकडं असती की वहिनी.

मालतीकाकू: बरोबर. वर्णन वाढवून भागणार नाही. शब्दाला दुसरा अर्थ आहे का ते बघायचं. तालीम पैलवानाची असते तशी नाटकवाल्यांचीही असते. आणि आपल्याकडं खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना लागूनच. म्हणून असं करू:
भिंतीच्या अलीकडे पैलवानाची, पलीकडे नटाची (३)
आता आखाडा बसत नाही, मैदान बसत नाही. शिवाय 'ची' बघा. आखाडा तो, मैदान ते, तालीम ती. एका प्रत्ययानंच दोन उत्तरं बाहेर गेली. मराठीत लिंग हे सूत्र लिहिणाऱ्याच्या हातातलं फार मोठं हत्यार आहे आणि आपण ते वापरतच नाही.

संभाजीदादा: नाद खुळा काकू!

मालतीकाकू: क्रियापदही मुद्दाम घातलं नाही. २०२४ च्या आगीत नाट्यगृह जळालं. तिथं आज तालीम 'चालते' की 'चालायची', यात सोडवणारा अडकायला नको. सूत्र फळ्यावर लागेल त्या दिवशीही ते वाक्य खरं असायला हवं.

सेक्रेटरी: मधेच लिहितो, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ९ ते १२ पाणी बंद. चर्चा चालू द्या.

अनिकेत: काकू, मी इंग्रजी कोडी बरीच वर्षं सोडवतोय. पहिलं छापील कोडं आर्थर विनचं, 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या पुरवणीत, २१ डिसेंबर १९१३ ला. त्याचा आकार हिऱ्यासारखा होता आणि सूत्रं सरळ अर्थ विचारणारी. फसवी सूत्रं पुढं इंग्लंडात रुजली. लंडनच्या 'टाइम्स'चं कोडं १ फेब्रुवारी १९३० ला सुरू झालं. तिकडं हळूहळू शिस्तच पडली. सूत्रात एक भाग अर्थाचा, दुसरा अक्षरांच्या खेळाचा, आणि अर्थ वाक्याच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी, मधे कुठंही नाही. पण हे मराठीत जमेल का, याची मला शंका आहे.

भाऊकाका (बी-१०२): शंका कसली? आपल्याकडं हे फार जुनं आहे. संस्कृत पंडित दंडीनं 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे, म्हणजे काव्यातल्या कोड्यांचे, प्रकार सांगून ठेवलेत. आणि आम्हाला शाळेत पाठ असलेला श्लोक घ्या:
केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः ।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव ॥
वाचणाऱ्याला वाटतं, केशव पडला, द्रोणाचार्यांना आनंद झाला आणि कौरव रडायला लागले. उलटंच काहीतरी! आता फोडा. के म्हणजे पाण्यात, शव म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडलेलं बघून कावळा हरखला. कोल्ह्यांच्या तोंडचा घास गेला म्हणून ते रडले. एक अक्षर खोटं नाही. वरवरचा अर्थ तेवढा भलतीकडं नेतो.

अनिकेत: काका, हे जबरदस्त आहे. अगदी तोच नियम. फसवा, पण खोटं बोलू नका.

भाऊकाका: आणि उलटी अक्षरं म्हणशील तर वाल्या कोळ्याची गोष्ट आठव. 'मरा मरा' म्हणता म्हणता राम झालाच ना?

सई (आईच्या फोनवरून): आजोबा, मग माझं बघा. गरीब उलटा पडला आणि वाहू लागला (२)

वैशाली: दीन... नदी! सई, कसलं भारी!

मालतीकाकू: छान आहे सई. फक्त 'वाहू लागला' चं 'वाहू लागली' कर. उत्तर नदी आहे, ती. 'दीन उलटला की वाहते ती' अशा वळणानं लिही, म्हणजे वाक्यही खटकणार नाही. मात्र 'दीन' हा शब्द सूत्रात घालू नकोस, 'गरीब'च ठेव. सोडवणाऱ्याला एक पायरी स्वतः चढू दे.

सई: गरीब उलटला की वाहते ती (२). आणि हे दुसरं, करवीरात लपलेला सूर्य (२)

भाऊकाका: रवि. पण 'करवीर' मधला वी दीर्घ, रवि ऱ्हस्व. जमत नाही बाळा.

मालतीकाकू: भाऊसाहेब, जमतं. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांचा शेवटचा इकार मराठीत दीर्घ लिहायचा. रवी, कवी, मती. संस्कृतात रवि, आपल्या फळ्यावर रवी. सईचं बरोबर आहे.

भाऊकाका: मान्य. आमच्या हाताला अजून जुनी सवय आहे. सई, शाब्बास.

संभाजीदादा: एक इचारतो. मात्रा येगळी असली तर घर जुळतंय का? म्हंजे आडव्यात 'क' आणि उभ्यात 'का' चालंल?

मालतीकाकू: नाही चालणार. एका घरात पूर्ण अक्षर, मात्रेसकट. जोडाक्षरही एकाच घरात. कोल्हापूर चार घरांचं, को-ल्हा-पू-र. इंग्रजीत सगळा खेळ २६ अक्षरांत. आपली ३४ व्यंजनं गुणिले बाराखडीचे १२, म्हणजे ४०८ अक्षरं झाली, जोडाक्षरं आणखी वेगळी. दोन शब्दांत नेमकं तेच अक्षर मिळणं म्हणूनच कठीण, आणि म्हणूनच मराठी चौकटीत काळी घरं जास्त पडतात. त्याचं कुणी वाईट वाटून घेऊ नका. काळी घरं कमी करायच्या नादात लोक कोशातले मेलेले शब्द आणतात. आजी आणि नातू दोघांनाही माहीत नसलेला शब्द फळ्यावर नको, एवढा माझा आग्रह आहे.

वैशाली: काकू, हे चालेल? अंगणात असते आणि पंचगंगेलाही मिळते (३)

अनिकेत: तुळस. नाही, नदी तुळशी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.

वैशाली: हो, तुळशी. अंगणातल्या झाडाला कुणी तुळस म्हणेल, ते खटकेल का?

मालतीकाकू: नाही. तुळशी हे नावही घरोघरी ऐकू येतं, आणि नदीचं नाव एकच असल्यामुळं दोन्ही अर्थ फक्त तुळशीतच मिळतात. तरी घाईत कुणी तुळस लिहीलच. म्हणून शेवटच्या घरातून 'शीण' किंवा 'शीर' असा उभा शब्द काढ. लिहिणाऱ्याला लगेच कळेल की 'स' नव्हे 'शी'. उभ्या शब्दाचा आधार घ्यायची ही खरी जागा.

संभाजीदादा: आता माझं एक घ्या. दुपारपासनं डोक्यात घोळतंय. रंकाळा. रंक म्हंजे गरीब, आळा म्हंजे बांध. 'गरिबाला आळा घातला, तिथं कोल्हापूरकर भेळ खायला जमतात'. तीन अक्षरी.

भाऊकाका: संभाजीराव! रंक अधिक आळा. संधीसुद्धा बरोबर. वा!

मालतीकाकू: दादा, एका अक्षराचाही बदल नको. पहिल्या दिवशीच्या कोड्यात पहिलं आडवं हेच राहील.

संभाजीदादा: लई आभार काकू. मग आनकी एक. 'इथं रस आटतो, पण चर्चा आटत नाही'. गुऱ्हाळ. गावाकडं गेलो की आमचं दोन्ही गुऱ्हाळं चालत्यात.

अनिकेत: सूत्र मस्तच आहे दादा, पण 'ऱ्हा' चौकटीत कशाला जोडणार? ते घर एकटंच पडेल.

मालतीकाकू: गु-ऱ्हा-ळ. मधलं घर. असा दुसरा शब्द शोधा ज्यात 'ऱ्हा' आहे.

सई: कुऱ्हाड!

वैशाली: वऱ्हाड!

अनिकेत: अरे, दोन्हीतही ते मधेच आहे. म्हणजे अधिक चिन्हासारखं बरोबर बसेल.

मालतीकाकू: वऱ्हाड घ्या, त्याला दोन अर्थ आहेत. 'लग्नाला निघतं आणि विदर्भातही सापडतं (३)'. अनिकेत, ही जोडी चौकटीच्या मधोमध ठेव आणि तिथून बाहेर बांधत जा. आधी अवघड अक्षर, सोपी मागून आपोआप बसतात.

अनिकेत: रात्री चौकट पाठवतो. काळी घरं समोरासमोर सारखी ठेवू ना?

मालतीकाकू: जमलं तर ठेव. त्यापायी एखादा चांगला शब्द सोडावा लागत असेल तर मात्र सोडू नकोस. बाकीच्यांनी शुक्रवारपर्यंत सूत्रं मला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नको, नाहीतर उत्तरं आधीच फुटतील. आज इथं आलेल्यांपैकी रंकाळा तेवढा ठेवते. तालीम, नदी, रवी, तुळशी, गुऱ्हाळ आणि वऱ्हाड या शब्दांना नवीन सूत्रं लिहू या.

संभाजीदादा: रंकाळा बी फुटलाच की काकू.

मालतीकाकू: मंडपात पाहुणे येतात ना. त्यांच्यासाठी राहू दे.