दहशत कुणाच्या मनात बसली, ते बघा

‘परक्या देशाचा हात असेल तरच दहशतवाद, बाकी सगळी दंगल’ असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १५ मध्ये लोकांच्या ‘एखाद्या गटात’ दहशत बसवण्याचा हेतूही धरलाय, परक्या हाताची अट नाही. पण त्यात जामीन फार अवघड, म्हणून दगड मारणाऱ्या प्रत्येक पोराला तो लावू नये. ठरवून, हत्यारं घेऊन वस्तीवर चालून जाणाऱ्यांना मात्र लावायलाच हवा.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात हिंदू-मुस्लिम तणावातून दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. आमच्या शेजारच्या चाचांच्या घराची काचसुद्धा फुटली नाही. तरी त्या रात्री त्यांनी दारावरची नावाची पाटी स्क्रू काढून उतरवली. भिंतीवर ती चार भोकं अजून तशीच आहेत.