म्युटाजेन दिलेला कोंबडा : वांझ, नपुंसक की आणखी काही?

दापोलीकर : कुक्कुटपालनाच्या एका माहितीपत्रिकेचं मराठी करतेय. 'रासायनिक म्युटाजेनचा कोंबड्याच्या फर्टिलिटीवर परिणाम' इथे गाडी अडली. म्युटाजेनला, म्हणजे जनुकांत बदल घडवणाऱ्या पदार्थाला, 'उत्परिवर्तक' चालेल ना? आणि कोंबडा वांझ म्हणू की नपुंसक?

वेंगुर्लेकर : नपुंसक नको. असा कोंबडा आरवतो, तलंगांमागे धावतो, सगळं करतो. बिघाड बीजात असतो. खच्ची तर मुळीच नव्हे. वांझ म्हटलं की ऐकणारा कोंबडीकडे बघतो. आमच्याकडे मोघम 'कोंब्यात दम नाय' म्हणतत, पण ता पत्रिकेत छापूक कोण देतलो!

गुहागरकर : 'उत्परिवर्तक' बरोबर. नुसतं 'विषारी रसायन' लिहू नका. एथिल मिथेनसल्फोनेटसारखी रसायनं थेट डीएनएत फेरफार करतात, म्हणून तर नवे वाण काढायला भाताच्या बियाण्यालाही ती वापरतात.

खरा घोळ 'फर्टिलिटी'चा आहे. शुक्राणू तयारच झाले नाहीत, तर अंडं फळत नाही. ही फलनक्षमतेतली घट. पण कधी शुक्राणू नीट पोचतो, अंडं फळतं, आणि गुणसूत्रं तुटलेली असल्यामुळे गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो. याला 'प्रभावी मारक उत्परिवर्तन' म्हणतात. इथे फलनक्षमता शाबूत, घटली ती उबवणक्षमता, म्हणजे फळलेल्या अंड्यातून पिल्लू निघण्याचं प्रमाण. बॅटरीच्या उजेडात दोन्ही अंडी कोरीच दिसतात. फोडून बलकावरची पांढरी चकती बघितल्याशिवाय फरक कळत नाही. मूळ मजकुरात यातलं काय मोजलंय ते आधी बघा.

वेंगुर्लेकर : शिवाय कोंबडीच्या पोटात शुक्राणू दोन-तीन आठवडे टिकतात. कोंबडा बदलला तरी जुन्याच्या रंगाची पिल्लं निघतात, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तेवढे दिवस कोंबड्या वेगळ्या ठेवल्या नसतील, तर आकडे कुठल्या कोंबड्याचे धरायचे?

दापोलीकर : दोन्ही मोजलंय, वेगवेगळं. कोंबड्याही आधी वेगळ्या ठेवल्या होत्या. पण पुढे 'तात्पुरती' असा शब्द आहे. बीज बिघडलं ते परत सुधारतं?

गुहागरकर : सुधारतं. वृषणातल्या मूळ पेशी वाचल्या की नवे शुक्राणू तयार होतात. कोंबड्यात त्याला साधारण दोन आठवडे लागतात, माणसात 70 दिवसांच्या आसपास. मात्रा जास्त होऊन मूळ पेशीच मेल्या तर मग कायमचं. तेव्हा 'कोंबड्याची फलनक्षमता तात्पुरती घटते' असं लिहा, आणि उबवणक्षमतेचं वेगळं वाक्य करा.

वेंगुर्लेकर : फक्त घाईत 'कोंबड्याच्या अंड्यांची उबवणक्षमता' छापू नका म्हणजे झालं.