खतांच्या लिंकिंगला स्पर्धा कायदा लागू होतो का?

सेलूकर (प्रश्न)

परभणी जिल्ह्यात आमचे वडिलोपार्जित कृषी सेवा केंद्र आहे आणि मी सध्या कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दुकानातही भेटतो आणि वर्गातही. खरिपाच्या तोंडावर रेक, म्हणजे खताची मालगाडी, लागली की डीएपी या अनुदानित खतासाठी होलसेलरला फोन करावा लागतो आणि तिकडून सांगितले जाते की इतक्या पोत्यांमागे इतके झिंक, इतके विद्राव्य खत आणि सल्फरच्या इतक्या पिशव्या उचलाव्याच लागतील. यालाच आम्ही लिंकिंग म्हणतो. हे कोणी लिहून देत नाही. डीएपीचे बिल वेगळे निघते, जोडून आलेल्या मालाचे वेगळे. तारीख मात्र एकच असते आणि गाडीचा नंबरही एकच. शेतकऱ्याला 1,350 रुपयांचे पोते तेवढे हवे असते. बाकीचा माल आम्ही त्याच्या माथी मारायचा किंवा दुकानात पाडून ठेवायचा, आणि तक्रार झाली की भरारी पथक आमच्याच दारात येते.

एक माल हवा असेल तर दुसरा घ्यावाच लागेल, ही अट म्हणजे जोडविक्री, आणि तिचा उल्लेख स्पर्धा कायद्यात आहे असे अभ्यासक्रमात शिकलो. याच कायद्याखाली गूगलला 2022 साली अँड्रॉइडच्या प्रकरणात 1,337.76 कोटींचा दंड झाला. हा कायदा तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत खरोखर पोहोचतो का, की तो मोठ्या कंपन्यांच्या आपसांतील वादांपुरताच आहे?

वकील, छत्रपती संभाजीनगर

आपण सांगितलेला व्यवहार कायद्याच्या कक्षेत येतो, याबद्दल मला शंका नाही. कलम 3 च्या चौथ्या पोटकलमात उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ विक्रेता अशा साखळीतील करारांचा विचार केला आहे आणि जोडविक्रीचा उल्लेख तिथे सर्वांत आधी येतो. करार लेखी असण्याची गरज नाही. तोंडी समजूतही करारच मानली जाते. अडचण पुढे येते. भाव संगनमताने ठरवला असेल तर स्पर्धेला बाधा आली असे कायदा गृहीत धरतो, जोडविक्रीत मात्र ती बाधा दाखवून द्यावी लागते. पर्यायी मार्ग कलम 4 चा, म्हणजे वर्चस्वाच्या गैरवापराचा. त्यासाठी संबंधित कंपनी त्या बाजारात वर्चस्व राखून आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. तो बाजार परभणी जिल्ह्यापुरता धरायचा की संपूर्ण राज्याचा, यावरच बहुतेक वेळा प्रकरणाचा निकाल ठरतो. वाहतूक खर्च आणि पुरवठ्याची सोय या गोष्टी हा कायदा राबवणारा स्पर्धा आयोग त्यासाठी पाहतो, म्हणून कोणत्या रेक पॉइंटवर कोणाचा माल किती उतरतो ही माहिती फार मोलाची आहे.

जोडविक्री 1969 च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमातही निषिद्ध प्रथांमध्ये मोडत असे. त्या कायद्याचा मुख्य रोख उद्योगांच्या आकारावर होता. मोठ्या उद्योगसमूहाला विस्तारासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे, ती अट 1991 साली गेली, आणि उरलेल्या भागात त्या वेळच्या मक्तेदारी आयोगाला प्रथा थांबवण्याचा आदेश देता येत असला तरी दंड ठोठावता येत नव्हता. राघवन समितीने 2000 साली अहवाल दिला, 2002 साली नवा कायदा झाला, नव्या स्पर्धा आयोगाच्या रचनेवरील आक्षेप सर्वोच्च न्यायालयात गेले, 2007 साली दुरुस्ती झाली आणि मुख्य कलमे लागू व्हायला 20 मे 2009 उजाडले. कायदा संमत झाल्यापासून तो अमलात येईपर्यंतची ही सहा-सात वर्षे आपल्याकडील संस्था किती सावकाश उभ्या राहतात हे दाखवतात. तरीही 2009 पूर्वी नसलेली दंडाची ताकद आज आयोगाकडे आहे. अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य टिकवण्यासाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांच्या निविदेत, 2009 साली, तीन कंपन्यांनी किलोला एकच दर भरला होता. ते प्रकरण 2017 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि संगनमताचा निष्कर्ष कायम राहिला. दंड मात्र त्या एका उत्पादनाच्या उलाढालीवरच मोजावा, असे न्यायालयाने म्हटले. 2023 च्या दुरुस्तीने ती मर्यादाही काढून टाकली आणि कंपनीची सर्व उत्पादनांची जागतिक उलाढाल धरण्याची तरतूद केली.

बाजार अभ्यासक, लातूर

वरील प्रतिसादातील कायदा अचूक आहे, पण माझ्या मते खताच्या बाबतीत रोगाचे मूळ कायद्याच्या आवाक्याबाहेर आहे. युरियाची 45 किलोची गोणी 266.50 रुपयांना विकायची हे सरकार ठरवते, डीएपीवर अनुदान सरकार देते आणि कोणत्या राज्याला किती माल जायचा याची आखणीही दिल्लीत होते. भाव वाढवून टंचाईचा फायदा घेण्याची वाट बंद असल्यामुळे विक्रेत्याची ताकद जोडविक्रीतून बाहेर पडते. जिथे मुळात भावाची स्पर्धाच नाही, तिथे स्पर्धेला बाधा कशी दाखवणार? शिवाय दूरसंचार कंपन्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले की त्या क्षेत्राच्या नियामकाने आधी आपला निष्कर्ष द्यावा आणि मग आयोगाने पाहावे. खतांच्या विक्रीचे नियमन करणाऱ्या खत नियंत्रण आदेशाकडे बोट दाखवून कंपन्या हाच युक्तिवाद करतील.

आपल्या जालन्याचेच उदाहरण घ्या. बीटी कापसाचे तंत्रज्ञान ज्या संयुक्त कंपनीमार्फत देशात आले, तिच्यातील भारतीय भागीदार जालन्यात उभी राहिलेली महिको होती. आंध्र प्रदेश सरकारने 2006 साली जुन्या मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली, आयोगाने या तंत्रज्ञानासाठी आकारले जाणारे शुल्क कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि त्याच सुमारास राज्यांनी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाची किंमत 750 रुपयांवर आणली. दहा वर्षांनी, 2016 साली, नव्या स्पर्धा आयोगाने त्याच शुल्काच्या चौकशीचा आदेश दिला. शुल्क घेणारी ती संयुक्त कंपनी न्यायालयात गेली आणि पेटंट कायदा असताना आयोगाला हा अधिकार पोहोचत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2023 साली दिला. दरम्यान केंद्राने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली पाकिटाचा भाव 800 रुपयांवर आणून ठेवला होता. कापूस उत्पादकाला दिलासा मिळाला तो भाव नियंत्रणामुळे. स्पर्धा कायदा व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. मोसम आठ आठवड्यांचा आणि प्रकरण आठ वर्षांचे, हे ज्याला दुकान चालवायचे आहे त्याने आधी लक्षात घ्यावे.

वितरक संघटनेचे काम पाहणारा, नांदेड

लातूरच्या मित्रांशी मी अर्धाच सहमत आहे. डीएपीचा भाव बांधलेला असला तरी झिंक, सल्फर आणि विद्राव्य खतांचा बाजार मोकळा आहे आणि लिंकिंगमुळे बाधा येते ती तिथे. चांगला, स्वस्त माल देणाऱ्या लहान उत्पादकाला दुकानात जागाच उरत नाही, कारण आमचे भांडवल जोडून आलेल्या मालात अडकलेले असते. आयोगाकडे माहिती (तक्रारीला या कायद्यात हाच शब्द आहे) दाखल करताना हाच मुद्दा मध्यभागी ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ओला-उबरच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की माहिती कोणीही देऊ शकतो, तो स्वतः नुकसान सोसलेला असण्याची गरज नाही. नाव गोपनीय ठेवण्याची विनंतीही करता येते, आणि ज्याला पुढच्या मोसमात त्याच होलसेलरकडून माल घ्यायचा आहे त्याने ती जरूर करावी. 2023 च्या दुरुस्तीनंतर व्यवहारापासून तीन वर्षांची मुदत आहे. कंपनी सरकारी असली तरी सुटका नाही. कोल इंडियाच्या प्रकरणात 2023 साली तसा निर्णय झालेला आहे.

एक सावधगिरीचा इशारा मात्र द्यायलाच हवा. दरवर्षी आमच्या बैठकीत कोणीतरी सुचवते की सगळ्यांनी मिळून अमुक कंपनीचा माल उचलणे बंद करू. कृपया असा ठराव इतिवृत्तात लिहू नका आणि करूही नका. औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने नवा स्टॉकिस्ट नेमण्याआधी आपले ना-हरकत पत्र घेण्याचा आग्रह धरला होता; आयोगाने 2013 साली तिला दंड केला. आपण अन्यायग्रस्त असलो तरी स्पर्धकांनी एकत्र येऊन पुरवठा किंवा खरेदी रोखणे हे त्याच कलम 3 च्या तिसऱ्या पोटकलमात बसते आणि तिथे बाधा गृहीत धरली जाते. संघटनेने पुरावे गोळा करावेत, निवेदन द्यावे, आयोगाकडे माहिती दाखल करावी. खरेदीचा निर्णय प्रत्येक दुकानदाराने स्वतंत्रपणे घ्यावा.

सेलूकर

सर्वांचे मनापासून आभार. सूक्ष्म अन्नद्रव्यांचा बाजार केंद्रस्थानी ठेवण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. एकच विचारतो: लेखी अट नसताना दोन बिले आणि गाडीचा एक नंबर एवढ्यावर आयोग चौकशीला तयार होईल का?

वकील, छत्रपती संभाजीनगर

एका दुकानाच्या दोन बिलांवर अवघड आहे. पंधरा-वीस दुकानांची, दोन-तीन मोसमांची बिले, बिल्ट्या (वाहतुकीच्या पावत्या) आणि ई-वे बिले एकाच नमुन्याची निघाली, तर प्रथमदर्शनी मत बनवायला ती पुरेशी ठरू शकतात, कारण इथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागितला जात नाही. काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे, हे पाहिले जाते. तसे मत झाले की पुढचा तपास आयोगासाठी चौकशी करणाऱ्या महासंचालकांकडे जातो आणि कंपनीचे ईमेल व विक्रीची उद्दिष्टे मागवण्याचा अधिकार त्यांना आहे. न विकलेल्या मालाचा साठा नोंदवहीत तारखेनिशी दाखवत चला. नुकसानभरपाई आयोग देत नाही. आयोगाचा निष्कर्ष हाती आल्यावर ती राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे मागावी लागते आणि तिथे रक्कम ठरवताना हीच नोंदवही लागेल.