टाकी कधी धुतली? (सोसायटी ग्रुप, धायरी, पुणे, जानेवारी २०२५)

बी-५०२: ए विंगच्या काकांना काल रात्री अ‍ॅडमिट केलं. जीबीएस, तो नसांचा गिया-बारे आजार. टाकी शेवटची कधी धुतली, सेक्रेटरी साहेब?

सेक्रेटरी: काकांना लवकर आराम पडो 🙏 टाकीचा विषय मीटिंगमध्ये झालेला आहे.

ए-१०३: झाला ना. दिवाळीआधी धुणार होतात.

सी-२०४: म्हणजे आता पाणीपुरी बंद 😄

बी-५०२: माणूस आयसीयूत आहे!

सी-२०४: सॉरी, डिलीट करतो.

ए-३०१: मी सून बोलतेय. बाबांना मागच्या आठवड्यात जुलाब झाले, थांबलेही. मग पाय जड, जिना चढवेना. अशक्तपणा म्हणून बी-१२ चं इंजेक्शन घेतलं. काल हातात कप धरवेना. मग एनसीव्ही म्हणजे नसांची तपासणी झाली, पाठीतलं पाणी काढलं, त्यात प्रोटीन वाढलेलं. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटीबॉडीचं औषध, सुरू आहे.

बी-२०१: अगं, कोमट तेलाने मालिश करून बघ. माझ्या भावाला गुण आला होता.

बी-५०२: टाकी कधी धुतली?

डी-६०१ डॉक्टर: काकू, मालिश नको. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. स्टेरॉइडचाही उपयोग नाही. आयव्हीआयजी नाहीतर प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलणं, तेही लवकर. जुलाबानंतर पायातून वर चढणारी कमजोरी, मुंग्या, गिळायला त्रास दिसला की थेट आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक जण पुन्हा चालतात, पण महिने जातात. आणि हे माणसापासून माणसाला लागत नाही. काकांच्या घरच्यांना बघून लिफ्टमधून उतरू नका.

ए-१०३: खर्च?

डी-६०१ डॉक्टर: बाटल्यांवर ठरतो. आयव्हीआयजी वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम लागतं. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या, पाच दिवसांत. महापालिका हद्दीतल्यांना कमला नेहरू रुग्णालयात मोफत सोय जाहीर झालीय, चौकशी करा.

सेक्रेटरी: टँकर बाहेरून येतो. सोसायटीला दोष देणं बरोबर नाही.

बी-५०२: टँकर आमच्या टाकीतच रिकामा होतो ना? इथल्या रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर सापडलाय, दूषित पाण्यातून जुलाब करणारा जंतू, त्यानंतरच जीबीएस होऊ शकतो. टाकी कधी धुतली?

सी-२०४: वहिनी, आज रात्री हॉस्पिटलात मी थांबतो. तुम्ही घरी झोपा.

ए-३०१: खूप आभार भाऊजी. दहापर्यंत या.

सेक्रेटरी: उद्या सकाळी टाकी उपसतो. नंतर रोज ओटी टेस्ट, पाण्यात क्लोरीन आहे का बघायला. तोवर पाणी उकळूनच प्या. बी-१०४, पंपापुढची गाडी काढा.

बी-१०४: दरवेळी माझीच गाडी?

बी-५०२: काढा हो.