बार्टर सिंड्रोम: ई२६.८ की ई२६.८१?

जळगावचा कोडर (निदानांना कोड देणारा): धुळ्याहून आलेल्या डिस्चार्ज कार्डावर ‘बार्टर सिंड्रोम, पोटॅशियम २.३, अल्कलोसिस’ एवढंच आहे; म्हणजे मूत्रपिंडातून क्षार वाहून जाण्याचा जनुकीय आजार, कमी पोटॅशियम आणि रक्त जास्त अल्कधर्मी. ई८७.६ मुख्य निदान म्हणून टाकू का? की ई२६.१?

नंदुरबारकर: नको भाऊ. ई८७.६ म्हणजे फक्त पोटॅशियम कमी. कारण कळलंय तर आधी कारणाचा कोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीत बार्टर ई२६.८ खाली येतो. अमेरिकन विमा क्लेम असेल तर पाचवं अक्षर लागतंच: ई२६.८१. तिथं नुसतं ई२६.८ टाकलं की कोड अपुरा म्हणून क्लेम परत येतो. ई२६.१ हा दुय्यम हायपरअल्डोस्टेरोनिझम, म्हणजे क्षार सांभाळणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक दुसऱ्या कारणामुळे वाढणं. बार्टरमध्ये अल्डोस्टेरॉन दुय्यमच वाढतं, म्हणून हात तिकडे वळतो, पण बार्टरला स्वतंत्र जागा आहे.

भुसावळची ताई: आधी फाईल उघडा. लघवीतलं क्लोराइड बघितलंय का? उलट्यांमुळे अल्कलोसिस असेल तर ते कमी येतं, बार्टरमध्ये जास्त. लघवीत कॅल्शियम कमी आणि रक्तात मॅग्नेशियम कमी असेल तर गिटेलमन या बार्टरसारख्याच आजाराचा संशय घ्या. जनुक अहवालात एसएलसी१२ए३ या जनुकात दोष दिसला तर तो गिटेलमनच, एसएलसी१२ए१ किंवा केसीएनजे१ असेल तर बार्टर. मात्र अहवाल वाचून निदान आपण बदलायचं नाही, डॉक्टरांना लेखी विचारायचं. ‘?बार्टर’ असं प्रश्नचिन्ह असेल तरी तेच.

जळगावचा कोडर: प्रश्नचिन्ह आहे की हो, पेनानं, अगदी बारीक. पाठवतो परत.